शिरेचा बायपास जोडला, नाडी लागली. मग टेबलावर पुन्हा तपासायचं कशासाठी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६६ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षांचा. उजव्या पायाचं दुसरं बोट काळं पडलंय आणि शेजारची जखम तीन महिने भरत नाही. सीटी अँजिओग्राफीत मांडीतली मुख्य धमनी गुडघ्याच्या वरपासून खालपर्यंत बंद आहे. पोटरीतल्या तीन धमन्यांपैकी घोट्यामागून पावलात जाणारी एकच बऱ्यापैकी उघडी आहे. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.७. दोन सर्जनांनी पायातलीच शीर वापरून बायपास, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्त खाली नेणारी नवी वाट, सुचवलाय. पहिले म्हणतात, जोड घालून झाले की ऑपरेशनच्या टेबलावरच डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून फोटो काढू, सोनोग्राफीही करू. त्याला अर्धा-पाऊण तास आणि थोडा खर्च जास्त लागेल. दुसरे म्हणतात, हाताला नाडी लागली की झालं, मूत्रपिंडावर डायचा भार कशाला? आणि तुम्ही विचारताय की पहिल्यांचं म्हणणं खरंच गरजेचं आहे, की बिल वाढवायचा प्रकार आहे.

मी गेली २२ वर्षं पायांच्या रक्तवाहिन्यांच्याच शस्त्रक्रिया करतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: तुमच्या वडिलांसारख्या पायात, जिथे खाली एकच धमनी शिल्लक आहे, तिथे मी तपासल्याशिवाय कातडी शिवत नाही. पण ‘फोटो काढायचा की नाही’ एवढाच हा प्रश्न नाही. आत जोडलेली शीर ठीक चालते आहे हे सर्जनला कशावरून कळणार, आणि दोष दिसला तर तो त्याच वेळी पुन्हा उघडून दुरुस्त करणार का, हे तुम्ही विचारायला हवं. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, तेही सांगतो. शिरेची जाडी किती, ती सलग आहे की तुकडे जोडावे लागणार, पावलातली धमन्यांची कमान किती भरते, वडिलांचं हृदय किती ताण सोसेल, यांवर बरंच अवलंबून आहे. ज्या दोघांनी वडिलांना तपासलंय त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून मी त्यांच्यातला कोण बरोबर हे सांगत नाही, माझा विचार कसा चालतो ते सांगतो.

आधी नाडीबद्दल. शेतात मोटर चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला तर पाइप हाताला कसा लागतो? टणक. ताठ. पाणी मात्र एक थेंबही पुढे जात नसतं. बायपासचं अगदी तसंच असतं. शिरेचं खालचं टोक अडलं असेल, तर वरून येणारा प्रत्येक ठोका त्या शिरेत आपटतो आणि बोटाला नाडी फार छान लागते. कधीकधी चांगल्या चालणाऱ्या बायपासपेक्षाही जोरात लागते. बोटाला दाब कळतो, प्रवाह कळत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पटलं मात्र प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, एका साठीच्या बाईंच्या पायावर. जोड सुंदर झाला होता, नाडी उत्तम होती, रात्र झाली होती, फोटो काढायला सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे यंत्र) मागवला तर तो अस्थिरोगवाल्यांकडे अडकलेला. मी थांबलो नाही, टाके घातले. पहाटे तीनला वॉर्डातून फोन आला की पाय गार पडलाय. पुन्हा उघडलं तेव्हा शिरेतल्या एका झडपेपाशी गुठळी धरलेली होती. गुठळी काढली, झडप कापली, पण तोवर पोटरीतल्या लहान वाहिन्यांतही रक्त गोठलं होतं. आठवड्याभरात त्या बाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती झडप रात्री नऊ वाजताही तिथेच होती. पाहिलं असतं तर दिसली असती.

शिरेत असे दोष का राहतात हे समजायला ती शीर मुळात कशासाठी बनली आहे ते पाहावं लागतं. आपण वापरतो ती लाँग सॅफेनस व्हेन, घोट्याच्या आतल्या हाडापुढून निघून नडगीच्या आणि मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी. तिचं काम रक्त खालून वर नेणं. त्यासाठी तिच्यात ठिकठिकाणी झडपा असतात, रक्त खाली घसरू नये म्हणून. आपल्याला मात्र ती वरून खाली रक्त न्यायला हवी आहे. यावर दोन उपाय निघाले. पॅरिसमध्ये जाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये शीर काढून उलटी लावली, म्हणजे घोट्याकडचं टोक वर आणि जांघेकडचं खाली. झडपा आपोआप योग्य दिशेला होतात. पायाच्या शिरेच्या बायपासची सुरुवात तिथून झाली. दुसरा उपाय १९६०च्या दशकात नॉर्वेत कार्ल हॉल यांनी रुजवला. त्यात शीर जागची हलवायची नाही, आतून झडपा कापायच्या.

दोन्ही पद्धतींत चुकायला जागा आहे. उलटी शीर लावताना ती स्नायूंखालच्या बोगद्यातून ओढून न्यावी लागते, आणि तिथे तिला पीळ पडू शकतो. गुडघ्यापाशी ती मुडपू शकते. बाजूच्या फांद्यांना बांधलेला दोरा शिरेच्या अंगाला फार चिकटून बसला तर तिथे चुणी पडून आतली वाट अरुंद होते. जागेवरच ठेवलेल्या शिरेत एखाद्या झडपेचा पापुद्रा अर्धवट कापलेला राहतो, किंवा न बांधलेली एखादी फांदी रक्त परस्पर पळवून नेते. जोडाच्या टोकाला टाका जरा खोल गेला की तोंड आवळतं. आणि एक गोष्ट बाहेरून कधीच कळत नाही: त्या शिरेला पूर्वी कधी सूज येऊन गेली असेल, सलाईन लागून गेली असेल, तर आतून तिची भिंत जाड आणि खरखरीत झालेली असते. बाहेरून ती गुळगुळीतच दिसते.

बायपास बंद पडण्याची कारणं काळाप्रमाणे बदलतात, हे लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात बंद पडला तर बहुतेक वेळा काहीतरी तांत्रिक राहिलेलं असतं किंवा शीर तरी निकृष्ट असते. महिन्यानंतर दीड-दोन वर्षांपर्यंत शिरेच्या आतल्या थराची जाडी वाढून ती अरुंद होते. त्यानंतर मूळ रोग पुढे सरकतो. टेबलावरची तपासणी यातल्या पहिल्या गटाला सरळ हात घालते. बाकीच्या दोन गटांवर तिचा जोर चालत नाही, त्यासाठी नंतरचं लक्ष ठेवावं लागतं. कुणी तुम्हाला ‘फोटो काढला म्हणजे बायपास दहा वर्षं टिकला’ असं सांगत असेल तर ते खरं नाही.

आता मी स्वतः काय करतो ते क्रमाने सांगतो.

काम आदल्या दिवशीच सुरू होतं. मी रुग्णाला उभं करून किंवा मांडीला पट्टा बांधून डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणारी सोनोग्राफी, करतो आणि शिरेचा सगळा रस्ता मार्करने कातडीवर आखतो. जाडी दर दहा-बारा सेंटिमीटरला मोजतो. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक शीर मला नको असते. उत्तर अमेरिकेतल्या ८३ केंद्रांवर १,४०४ रुग्णांची ‘प्रिव्हेंट थ्री’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात तपासलेलं औषध फसलं, पण शिरेच्या बायपासबद्दल तिने बरंच शिकवलं, आणि बारीक शीर लवकर दगा देते हे त्यातलं एक. त्याच चाचणीत वर्षअखेरीस कुठलीही डागडुजी न लागता चालू राहिलेले बायपास शेकडा ६१ होते. वेळीच डागडुजी केलेले धरले तर हा आकडा ८० च्या जवळ गेला. हे आकडे निवडक, कुशल केंद्रांमधले आहेत. म्हणजे ही शस्त्रक्रिया मुळातच काळजीने सांभाळायची आहे.

शस्त्रक्रियेत शीर काढली की ती हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाईनने हलकेच फुगवून तिच्या अंगावर निळ्या शाईची एक सरळ रेघ ओढतो. बोगद्यातून नेल्यावर ती रेघ दोन्ही टोकांना एकाच बाजूला आली पाहिजे. साधी युक्ती आहे, पण पुष्कळ पीळ तिथेच पकडले जातात. वरचा जोड आधी घालून शीर रक्ताने भरलेली असतानाच खाली नेतो, कारण रिकामी शीर पिळली तरी कळत नाही.

दोन्ही जोड झाले, क्लँप सुटले, की पहिली तपासणी पेनाएवढ्या डॉप्लरने. घोट्यामागे प्रोब ठेवायचा आणि ऐकायचं. चांगल्या पायात आवाज भरदार, पुढे-मागे झुलणारा येतो. मग सहायकाला सांगतो, शीर दोन बोटांत दाब. आवाज पडला पाहिजे. सोडली की परत उसळला पाहिजे. दाबूनही आवाज तसाच राहिला, तर पावलाला रक्त आपल्या बायपासमधून जातच नाही, जुन्या आडवाटांनीच जातंय असं समजायचं. याला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या सर्जनांनी ‘नाडी’ म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात कदाचित हेही असेल. विचारून घ्या.

त्यानंतर अँजिओग्राफी. शिरेच्या वरच्या टोकाजवळची एक फांदी मी मुद्दाम बोटभर लांब ठेवतो. तिच्यातून बारीक नळी (कॅन्युला) घालतो, वरून येणारा प्रवाह क्षणभर थांबवतो आणि अर्धी पातळ केलेली ८-१० मिलिलिटर डाय हाताने सोडतो. सी-आर्मच्या पडद्यावर शीर वरपासून खालच्या जोडापर्यंत आणि पुढे पावलापर्यंत भरत जाताना दिसते. जोड एकाच बाजूने पाहून भागत नाही, तिरका फोटोही लागतो. समोरून निर्दोष दिसणारा जोड बाजूने चिमटलेला असू शकतो. काम झालं की ती फांदी बांधून टाकायची.

याच तपासणीने एका ऊसतोड मुकादमांचा पाय वाचला. बीडकडचे, पंचावन्नचे, विडीचं जुनं व्यसन. नाडी सणसणीत होती आणि शाईची रेघही दोन्ही टोकांना जुळत होती. पडद्यावर मात्र गुडघ्याच्या वर चार बोटं डाय अडखळली. तिथे शीर एकदम सुतासारखी बारीक झाली होती आणि तिच्या कडा स्क्रूच्या आट्यांसारख्या दिसत होत्या. पूर्ण एक वेढा बसला होता. रेघ फिरून पुन्हा त्याच बाजूला आली होती, म्हणून जुळल्यासारखी वाटली. खालचा जोड सोडवला, शीर बाहेर काढली, पुन्हा नेली, पुन्हा जोडली. पन्नास मिनिटं गेली. भूलतज्ज्ञ वैतागले होते, ते स्वाभाविक होतं. सहा आठवड्यांनी मुकादम बोटाची जखम भरून स्वतःच्या पायांनी ओपीडीत आले.

तिसरं साधन टेबलावरची डॉप्लर सोनोग्राफी. निर्जंतुक पिशवीत घातलेला लहान प्रोब थेट शिरेवर ठेवून तिचा इंचन्‌इंच पाहायचा आणि रक्ताचा वेग मोजायचा. वाट अरुंद असेल तिथे वेग एकदम वाढतो, जसा नळीचं तोंड बोटाने दाबल्यावर पाण्याचा वाढतो. एखाद्या जागी वेग सेकंदाला १८० सेंटिमीटरच्या वर गेला आणि तो अलीकडच्या भागापेक्षा अडीच पटींहून जास्त असेल, तर मी ती जागा उघडून पाहतो. उलट सगळीकडेच वेग ३०-४० च्या खाली असेल तर पुढची वाट तुंबलेली आहे असा संशय घेतो. फोटोत जी अर्धवट कापलेली झडप किंवा भिंतीला चिकटलेला मऊ गुठळीचा थर निसटतो, तो यात पकडला जातो. फ्लोरिडातल्या टँपा इथे डेनिस बँडिक यांच्या गटाने ६२६ शिरेच्या बायपासांत हे सलग केलं आणि २००० मध्ये मांडलं. त्यांना शेकडा १५ बायपासांत तिथेच दुरुस्ती करावी लागली. ज्यांची तपासणी शेवटी निर्दोष निघाली, त्यांच्यातले पहिल्या महिन्यात बंद पडलेले बायपास जवळपास नगण्य होते.

सोनोग्राफीला डाय लागत नाही, ही तुमच्या वडिलांच्या बाबतीत मोठी सोय. पण ती करणारा माणूस तयार लागतो, नवख्याच्या हातात ती काहीही दाखवते. पावलातल्या धमन्या ती अँजिओग्राफीसारखी एका नजरेत दाखवू शकत नाही. आणि शिरेऐवजी कृत्रिम पीटीएफई नळी लावली असेल तर त्याच दिवशी तिच्या भिंतीतल्या हवेमुळे ध्वनिलहरी आरपार जात नाहीत. म्हणून ‘अँजिओ की सोनो’ असं भांडण मी लावत नाही. हाताशी जे आहे आणि ज्यात हात बसलाय ते करावं. दोन्ही शक्य असेल तर उत्तम. प्रवाह मिनिटाला किती मिलिलिटर हे सांगणारं यंत्रही काही ठिकाणी असतं. ते कमी-जास्त सांगतं, दोष कुठे आहे ते सांगत नाही.

आता मूत्रपिंडाचं. क्रिएटिनिन १.७ असताना चिंता रास्त आहे आणि दुसऱ्या सर्जनांनी ती बोलून दाखवली हे चांगलंच केलं. पण प्रमाण पाहा. सीटी अँजिओला साधारण ८० ते १०० मिलिलिटर डाय शिरेतून गेली असेल. टेबलावरच्या दोन फोटोंना मला पातळ केलेली १५-२० मिलिलिटर पुरते, म्हणजे खरी डाय त्याच्या निम्मी. शिवाय ती पायात खाली सोडलेली असते. पाऊल, शिरा, हृदय असा फेरा करून ती मूत्रपिंडापर्यंत पोचते तेव्हा आणखी पातळ झालेली असते. माझ्या मते वडिलांच्या मूत्रपिंडाला मोठा धोका शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तदाब पडणं, जखमेतला जंतुसंसर्ग आणि सारखी घेतलेली दुखण्याची गोळी यांचा आहे. क्रिएटिनिन तीनच्या पुढे असतं, तर मी आधी सोनोग्राफी केली असती आणि तिने शंका काढली तरच डाय सोडली असती. कार्बन डायऑक्साइड वायू सोडूनही पायाची अँजिओग्राफी करता येते, पण पावलातल्या बारीक वाहिन्या त्यात धूसर दिसतात, आणि नेमक्या त्याच इथे पाहायच्या असतात.

दुसऱ्या सर्जनांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या रुग्णालयांनी आपल्या बायपासच्या नोंदी एकत्र तपासल्या. सरसकट प्रत्येकाला शेवटचा फोटो काढणारे सर्जन आणि शंका आली तरच काढणारे सर्जन, यांच्या रुग्णांच्या निकालात त्यांना ठळक फरक आढळला नाही. मग मी तरीही का करतो? एक तर, ‘शंका आली तर’ काढणाऱ्यांची शंका अनुभवाने तासलेली असते; कठीण बायपासांत तेही काढतातच. दुसरं, अशा नोंदींत सोपे बायपास खूप असतात. रुंद शीर, गुडघ्याच्या वरचा जोड, खाली तीनही धमन्या उघड्या, अशा पायात फोटो काढून हाती काही लागत नाही. तिथे मीही डॉप्लरवर थांबलो आहे. तुमच्या वडिलांचा पाय तसा नाही. घोट्यापर्यंत जाणारी लांब शीर आणि पुढे एकच वाट. इथे चूक राहिली तर ती सांभाळून घ्यायला दुसरी धमनी नाही.

आणि तपासणीचं एक नुकसान आहे ते लपवत नाही. जास्त पाहिलं की कधीकधी नसलेला दोषही दिसतो. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा फोटोत हुबेहूब गुठळीसारखा दिसतो. हाताळणीने धमनी आकसली की जोडाच्या पुढे ती दोऱ्यासारखी होते आणि जोड बिघडल्यासारखा वाटतो. सुरुवातीच्या काळात मी अशाच आकसलेल्या धमनीला दोष समजून चांगला जोड सोडवला होता. आत काहीच नव्हतं. रुग्णाची तासभर भूल वाढली आणि धमनीला नाहक दुसऱ्यांदा टाके बसले. आता असं दिसलं की आकसलेली वाहिनी सैल करणारं पापाव्हरिन सोडतो, पाच-सात मिनिटं थांबतो, पुन्हा फोटो काढतो. बुडबुडा जागा बदलतो, आकसलेली वाहिनी मोकळी होते, खरा दोष जिथल्या तिथे राहतो. म्हणूनच तपासणारा किती सरावलेला आहे हे यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं.

बिलाबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. हाडांची शस्त्रक्रिया होणाऱ्या बहुतेक रुग्णालयांत सी-आर्म असतोच. त्याचं भाडं, डायची एक बाटली आणि ओटीचा वाढीव वेळ एवढाच हा खर्च आहे. तो किती हे लेखी विचारा, त्यात संकोच नको. बंद पडलेला बायपास पहाटे पुन्हा उघडण्याचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वडिलांचं कार्ड चालत असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पॅकेजमध्ये काय बसतं ते आधीच विचारून ठेवा.

कुणीतरी तुम्हाला ‘बायपास कशाला, फुग्याने अँजिओप्लास्टी करा’ असंही सांगेल. त्यावर दोन मोठ्या चाचण्या अलीकडे आल्या आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये ज्यांची सॅफेनस शीर चांगली आणि सलग होती, त्यांना बायपासचा स्पष्ट फायदा दिसला. २०२३ च्या ब्रिटनमधल्या ‘बेसिल-टू’मध्ये, जिथे गुडघ्याखालच्या धमन्यांवर काम होतं, तिथे आधी अँजिओप्लास्टी केलेल्यांचं बरं झालं. दोन्हींतले रुग्ण वेगळे होते. शीर चांगली असेल आणि हृदय साथ देणारं असेल, तर तुमच्या दोन्ही सर्जनांचा बायपासचा सल्ला मला योग्यच वाटतो, आणि दोघांचं त्यावर एकमत आहे हे विसरू नका.

तेव्हा दोघांनाही भेटून हेच विचारा. शीर किती मिलिमीटरची आहे आणि कोणी मोजली? जोड झाल्यावर प्रवाह कशाने तपासणार, आणि दोष दिसला तर लगेच दुरुस्त करणार का? सोनोग्राफी करणार असाल तर ओटीत कोण करणार? शस्त्रक्रियेनंतर शिरेची डॉप्लर केव्हा केव्हा होणार? माझ्याकडे ती महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी होते, कारण मध्ये अरुंद होऊ लागलेली शीर चालू असतानाच दुरुस्त करता येते, बंद पडल्यावर क्वचितच. या प्रश्नांना जे न चिडता, नेमकी उत्तरं देतील त्यांच्याकडे जा. सी-आर्म नसेल पण दुसरे सर्जन डॉप्लरने काटेकोर पाहत असतील आणि गरज पडली तर उघडायला तयार असतील, तर त्यांनाही मी नापास करणार नाही.

तोपर्यंत घरी करायच्या गोष्टी आहेत. वडिलांची तंबाखू, मिश्री, विडी जे काही असेल ते आजपासून बंद. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन सर्जनना विचारल्याशिवाय थांबवू नका. सीटीला डाय गेली आहे, म्हणून शस्त्रक्रियेआधी क्रिएटिनिन पुन्हा करून घ्या, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. दोन्ही पायांच्या घोट्याजवळच्या शिरेत कुणालाही सलाईन लावू देऊ नका. ती शीर आपल्याला लागणार आहे, आणि उजवीकडची अपुरी पडली तर डावीकडची किंवा दंडातली घ्यावी लागेल. रक्त काढायला आलेल्या सिस्टरांना हाताच्या पंजामागची शीर दाखवा. आणि काळं बोट कोरडं आहे तोवर चार-आठ दिवस विचारात गेले तर चालतील, पण ते ओलं झालं, वास यायला लागला, पाऊल सुजून लाल झालं किंवा ताप आला, तर दोघांपैकी जे आधी भेटतील त्यांच्याकडे त्याच दिवशी दाखल करा.